मामाची कंबर

आमच्यात नवरीला मामा उचलून मांडवात आणतो. घराच्या उंबऱ्यापासून पाटापर्यंत, दोन्ही हातांवर. हात धरून चालवत आणणारे मामाही हल्ली दिसतात, हॉलमधल्या लग्नांत तर सर्रास. पण आमच्या खाडीकाठच्या गावात त्याला अजून कोणी आणणं म्हणत नाही. "हिला मामा नव्हता काय गो?" असं मागं बायका विचारतात, आणि मामा तिथंच नवे कपडे घालून उभा असतो.

गावात एक म्हातारा आहे. तरुणपणी भाचीला उचलून आणताना त्याचा पाय मांडवाच्या दोरीत अडकला आणि तो तिच्यासकट आडवा झाला. त्या भाचीला आता नातवंडं आहेत. म्हाताऱ्याचं खरं नाव नव्या पोरांना ठाऊकच नाही. सगळे त्याला मांडवपड्या म्हणतात आणि तोही निमूट ओ देतो.

तुळशीचं लग्न उरकल्यावर माझ्या बहिणीच्या मुलीचा साखरपुडा झाला आणि वैशाखातली तारीख धरली गेली, तेव्हा मला सगळ्यांत आधी आठवला तो मांडवपड्या.

मी तिचा एकुलता एक सख्खा मामा. पंचेचाळिशी ओलांडलेला. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. आई-बाप दोघंही पेणच्या खाडीवरच्या मिठागरात राबले आणि त्यांचा मुलगा कॉलेजात गेला, हे मी कुणी विचारो न विचारो, सांगतो. त्या पदवीवर धाटावच्या एका केमिकल कंपनीत लागलो. सुरुवातीची कित्येक वर्षं पेणहून मोटरसायकलवर शिफ्ट केल्या. नागोठण्यापर्यंत हायवेचे खड्डे, पुढं रोह्याच्या रस्त्याला खिंड, खिंडीनंतर परत खड्डे. मग प्रमोशन मिळालं, कंपनीची बस मिळाली, कंट्रोल रूममध्ये गोल फिरणारी खुर्ची मिळाली. मोटरसायकलवर जी कंबर टिकली ती त्या खुर्चीत गेली.

गेली म्हणजे मोडली नाही, धरली. सकाळी मोजे घालायला मी पलंगावर उताणा पडायचो आणि पाय हवेत धरायचो. उकिडवं बसणं बंद झालं. मांडी घालून बसलो तर उठताना हात भिंत शोधायचा. गावी गेलो की पंगतीत सगळे खाली बसायचे आणि माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची यायची. बरीच वर्षं मी समजत होतो की हा शिकल्याचा मान आहे. एकदा माझा चुलतभाऊ मोठ्यानं म्हणाला, "खुर्ची आना रं कोनतरी, सायबाची कंबर भुईला पोचत नाय." सगळे हसले. मीही हसलो. पण त्या दिवसापासून ती खुर्ची मला टोचायला लागली.

हा चुलतभाऊ डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर कामाला. माझ्यापेक्षा वयानं मोठा, पण अजून सिलिंडर खांद्यावर टाकून जिना चढतो. साखरपुड्याच्या दिवशीच त्यानं विषय काढला.

"तू कशाला टेन्शन घेतंस? मी हाय ना. मी बी मामाच हाय तिचा." मग पान तोंडात टाकून, "पुस्तकं उचलून हात लांब जालं तुजं, कंबर नाय जाली."

"बघू," मी म्हटलं.

माझी बहीण तेव्हा ताटं वाढत होती. तिनं मान वर केली नाही. पण तो "बघू" तिनं ऐकला. भाताचा हात तेवढ्यापुरता थांबला आणि पुन्हा चालू झाला.

बहीण माझ्यापेक्षा बरीच मोठी. मी तिला बाय म्हणतो, ती मला अजून बाला म्हणते. चौथीत तिची शाळा सुटली आणि ती आईबरोबर मिठागरात जायला लागली. आमच्या वाडीतून शाळेला जायची वाट खाडीच्या बांधावरून होती. एका पावसाळ्यात बांध फुटला आणि वाटेवर खारा चिखल माजला, बाईमाणसाच्या मांडीपर्यंतचा. आई म्हणाली, राहू दे शाळा या सालात. बहीण म्हणाली, मी पोचवते. रोज सकाळी मला कडेवर मारून ती त्या चिखलातून पलीकडे न्यायची, सोडायची आणि परत जाऊन कामाला लागायची. माझा शर्ट कोरडा असायचा. तिचा परकर सुकेपर्यंत दुपार व्हायची. हे तिनं कधी काढून दाखवलं नाही, भांडणातसुद्धा नाही. तिच्या मुलीला पंधरा-वीस पावलं न्यायची वेळ आली, आणि मी म्हणालो बघू.

कंपनीच्या लॅबमध्ये एक तरुण केमिस्ट आहे, जिमला जाणारा. त्यानं मला खुर्चीतून उठताना पाहिलं आणि म्हणाला, "सर, फोम रोलर घ्या. घरच्या घरी मसाज. आपणच आपल्याला करायचा." मी ऑनलाइन मागवला. खोका उघडला तर आत निळ्या रंगाचं, अंगभर उंचवटे असलेलं जाड नळकांडं.

बायको म्हणाली, "हे काय, ड्रेनेजचं काम काढलंय का?"

"मसाजचं आहे."

"अहो, तेल लावून देते की मी."

"तेलानं नाही होणार. हे आतल्या स्नायूपर्यंत जातं."

जमिनीवर सतरंजी टाकली, पालथा झालो, मांडीखाली नळकांडं घेतलं आणि कोपरांवर पुढं सरकलो. मांडीच्या पुढच्या भागात जी कळ उठली तिनं माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून बायकोनं आधी खिडकी लावून घेतली. "शेजारी काय समजतील," ती म्हणाली. त्या दिवसापासून रोलर काढला की खिडकी बंद, असा आमच्या घरात नियमच पडला.

नुसत्या व्हिडिओवर विसंबून चालायचं नाही एवढी अक्कल पदवीनं दिली होती. दुसऱ्या पाळीला जायच्या आधी रोह्याच्या बाजारपेठेत एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो. माझ्या मुलापेक्षा थोड्याच मोठ्या असतील.

"काय काम करता, काका?"

काका ऐकून कंबर आणखी धरली. "शिफ्ट इन्चार्ज आहे. प्लांटची जबाबदारी असते."

"बसून?"

"जबाबदारीचं काम आहे."

"पण बसूनच ना?"

त्यांनी मला वाकवलं, झोपवलं, पाय वर उचलून पाहिले, खाली बसायला सांगितलं. अर्ध्यात अडकलो. "दुखते कंबर, पण आखडलंय भलतंच," त्या म्हणाल्या. "मांड्या, खुबे, पोटऱ्या. ते हलत नाहीत, म्हणून सगळं कमरेला करावं लागतं." मग समजावलं. रोलर मांडीवर, पोटरीवर, वरच्या पाठीवर फिरवायचा; कमरेच्या मणक्यावर नाही. कुल्ल्याच्या आतला स्नायू मोकळा करायला टेनिसचा बॉल भिंत आणि अंग यांच्या मध्ये धरायचा. सगळं हळू. दुखरी जागा लागली की तिथंच थांबून श्वास सोडायचा. "तोंड वाकडं झालं की समजा जोर जास्त झाला. आणि काका, नुसतं लोळून काही होत नाही. जरा मोकळं वाटलं की लगेच ते अंग वापरायचं. दाराची चौकट धरून खाली बसायचं, उठायचं."

"वैशाखात भाचीला उचलायचंय."

"वजन किती तिचं?"

"भाची आहे, मॅडम. काट्यावर नाही ठेवली."

त्या हसल्या, पण उचलता येईल असं काही म्हणाल्या नाहीत. मी ते वाक्य ऐकायलाच गेलो होतो. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की ते मिळालंच नाही.

माझ्या लहानपणी आमच्या घरी हे मसाजाचं काम पायांनी व्हायचं. संध्याकाळी आई-बाप मिठागरातून येऊन ओसरीवर पालथे पडायचे आणि सगळ्यांत हलका म्हणून मला वर चढवायचे. तोल जाऊ नये म्हणून आढ्याला बांधलेली पाळण्याची दोरी हातात. मी पाठीवर पाय देत चालायचो, खांद्यापासून कमरेपर्यंत आणि परत. बाप लगेच घोरायला लागायचा. आई मात्र सारखी सांगत असायची, "हाडावर नको रं, बाजूला. बाजूला." तळपायाखाली गाठ लागली की मला कळायचं. तिथं जरा थांबलो की आई लांब श्वास सोडायची आणि गाठ पायाखालून सरकायची. तेच पाय दिवसा दुसरं काम करायचे. मिठाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी वाफ्यांची जमीन तुडवून घट्ट करावी लागते, नाहीतर पाणी जिरतं आणि मीठ मातीचं निघतं. सगळी वाडी ओळीनं उभी राहून ओल्या मातीत पाय आपटायची. पाटीसारखी टणक होईपर्यंत. आमचा लहानपणीचा खेळ तोच आणि काम तेच.

आता पाठीवर पाय देणारं घरात कोण आहे? मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला. सुट्टीत आल्यावर त्याला म्हटलं असतं, पाठीवर चढ, तर त्यानं आधी डॉक्टरला फोन केला असता. म्हणून हे निळं नळकांडं.

सुरुवातीला काही होईना. मग पौष सरता सरता एका सकाळी मोजे घालताना लक्षात आलं की मी पलंगाच्या कडेवर बसलोय, उताणा नाही. चौकट धरून खाली बसताना टाचा उचलल्या जायच्या, त्या हळूहळू टेकायला लागल्या. शिमग्याच्या सुमारास चौकट न धरता उकिडवा बसलो. बायको स्वयंपाकघरातून बघत होती. "अहो, बसलात की!" म्हणाली आणि हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. इतकं कौतुक माझं डिग्रीच्या निकालालाही झालं नव्हतं, कारण त्या दिवशी घरात निकाल वाचता येणारा मीच होतो.

इथवर चांगलं चाललं होतं, आणि इथंच मला घाई झाली. लग्न जवळ येत होतं. भाचीचा फोन आला, "मामा, एक ट्रायल घेऊया का? रविवारी येते मी." मी म्हटलं, छे, ट्रायल कसली, नाटक आहे काय? खरं म्हणजे धीर होत नव्हता. ट्रायलमध्ये नाही जमलं तर ते त्याच दिवशी पक्कं होणार. जमणार की नाही हे ठाऊक नसणं मला जास्त सोसत होतं.

माझ्या डोक्यानं घेतलं की टेनिसचा बॉल फार मऊ आहे. दाबला की दबतो. मी पेणच्या बाजारातून क्रिकेटचा सीझन बॉल आणला, लाल, दगडासारखा. भिंतीला न लावता सरळ जमिनीवर ठेवला आणि कंबर आणि कुल्ल्याच्या मधल्या खळग्यात घेऊन त्यावर अख्खं अंग टाकलं. डोळ्यांतून पाणी आलं. तोंड वाकडं झालं होतं. मला ते कळत होतं. तरी सोडलं नाही. उलट प्रत्येक कळेला वाटत होतं, चाललंय, काम चाललंय. मिठागरवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तुडवल्याशिवाय जमीन धरत नाही. जितकं तुडवाल तितकं मीठ पांढरं. फक्त मी वाफा तुडवत नव्हतो, पाठ तुडवत होतो, आणि आई ओसरीवरून "हाडावर नको" म्हणायला नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठता आलं नाही. कुल्ल्यावर काळंनिळं झालं होतं, त्याचं काही नाही. पण डाव्या पायातून पोटरीपर्यंत मुंग्या जात होत्या. बायकोनं सुट्टीचा फोन केला, रिक्षा केली. डॉक्टरांनी तपासलं, उठता-बसता यायला लागल्यावर रोह्यात मॅडमनी तपासलं. टाचांवर चालून दाखवा, चवड्यांवर चालून दाखवा. मी बॉल दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन टेबलावर ठक्‌कन ठेवला.

"काका, यानं खिडक्या फुटतात."

नस चिडली आहे, सूज उतरेल, असं म्हणाल्या. काही दिवस त्या जागेला हात लावायचा नाही, थोडं थोडं चालायचं. पाऊल लुळं पडायला लागलं किंवा लघवीला त्रास झाला तर मात्र वाट बघत बसायचं नाही, तडक मोठं हॉस्पिटल गाठायचं.

"आणि लग्न?"

"आज सांगता येणार नाही."

तिथून पुढचे दिवस मी पाऊल बघण्यात काढले. कंट्रोल रूममध्ये समोर पडद्यांवर रिॲक्टरचे आकडे आणि टेबलाखाली बुटात माझा अंगठा. वर येतोय का? येतोय. परत बघ. आता आला तेवढाच आला का, की कमी? उजव्याशी ताडून बघ. लॅबमधला तो केमिस्ट सॅम्पल घेऊन आला आणि म्हणाला, "सर, गाणं ऐकताय वाटतं. पाय ताल धरतोय." मी हो म्हटलं. घरी जाताना बसमध्ये तोच ताल. लघवीला गेलो तरी मनात तेच, की आत्ता झाली ती नेहमीसारखी झाली ना. मुंग्या कमी झाल्या तर वाटायचं बधिर तर होत नाही ना, आणि असल्या तर वाटायचं गेलं सगळं. मंडपवाल्याचा फोन, कापडं, आहेर, सगळं बायकोनं बघितलं. मी फक्त एक पाऊल सांभाळत होतो.

चैत्रात बहीण पेणला बांगड्या घ्यायला आली आणि न सांगता घरी आली. मी सतरंजीवर होतो. मॅडमनी रोलर परत चालू करायला सांगितला होता, फक्त पोटऱ्या आणि वरची पाठ. दार बायकोनं उघडलं. बहीण आत आली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली.

"ह्ये काय? येवढं मोठं लाटनं?"

"व्यायामाचं आहे."

"मानसाला लाटतंय व्हय?" ती खाली बसली, सहज, पिशवी मांडीवर घेऊन. "मना समदं ठाव हाय. तुजी बायको बोलली फोनवर."

मी बायकोकडं पाहिलं. ती चहा टाकायला गेली.

मी उठून बसलो आणि एकदाचं बोलून टाकलं. म्हटलं, बाय, मला भीती वाटते. पाय दगा देईल. माझं सोड, तुझ्या पोरीला लागेल. सगळ्या गावासमोर. डोलवीवाला दादा आहे की, त्याला उचलू दे. मी शेजारी चालेन.

तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"बांध फुटलेला तवा तुला शालंत न्यायची," ती म्हणाली, "आठवतं?"

"आठवतं."

"एकदा पडलो तं आठवतं?"

"पडलो?"

"मंग! मदल्या खड्ड्यात माजा पाय गेला, तू डोक्यावर आन मी तुज्यावर. तुजं नाक चिखलानं भरलंतं. तू भोंगा काडलास. मी तुजा शर्ट तितंच खाडीच्या पान्यानं धुतला, पिळला आन तसाच घातला तुला. म्हटलं, आयला बोललास तं उद्या नाय नेनार."

मला पडल्याचं काहीच आठवत नाही. पण वर्गात बसलेलो आणि दिवसभर अंग खाजतंय, पाठ, बगला, गळा. गुरुजी विचारतायत काय रे, उवा झाल्या का, आणि शर्ट सुकून त्याच्यावर मिठाची पांढरी नक्षी उठलीय, हे मला लख्ख आठवतं. ती खाज मी इतकी वर्षं विसरलो नव्हतो, आणि ती कशाची हे त्या दिवशी कळलं.

"मंग दुसऱ्या दिवशी?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी परत उचलला. शाला व्हती ना." ती उठली. "पडलास तं पड, बाला. पोर काय काचेची नाय. पन तिला त्याच्या हातात देव नको. आगोटीचा पाऊस लागंपरत गावभर सांगंल, मीच आनली, मीच आनली. कान किटतील माजं."

चहा न घेताच निघाली. बांगड्यांचं दुकान बंद होईल म्हणाली. दाराशी वळून बायकोला सांगितलं, "त्याला भाकरी वाड जरा, गो. पोळ्यांनी कंबर नाय टिकत."

भीती गेली असं नाही. जास्त बसली. पण आता ती कशाची हे बदललं. पडायचं भय उतरलं आणि न उचलायचं भय चढलं. मॅडमकडे शेवटचा गेलो तेव्हा त्यांनी उचलायची रीत दाखवली. तिला दोन्ही हात गळ्यात टाकायला सांगा, अंगाशी घट्ट घ्या, वाकू नका, गुडघ्यात बसा आणि उठा. आणि त्याआधी अंग मोकळं करून घ्या, थंड अंगानं उचलू नका. पाऊल तपासून म्हणाल्या, "ताकद बरोबर आहे. बाकी तुमचं तुम्ही ठरवा." मिळालं ते वाक्य एवढंच.

लग्नाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. अंगणात मांडव, खाडीकडून गरम वारा, बँडवाले सावलीला. मी पोचलो तशी नेहमीची खुर्ची आली. मी बसलो नाही. मुहूर्त जवळ आला तसा मागच्या खोलीत गेलो, जिथं भाताची पोती ठेवतात. खिशातून टेनिसचा बॉल काढला, भिंत आणि कुल्ला यांच्या मध्ये धरला आणि डोळे मिटून हळूहळू फिरायला लागलो. गाठ लागली, थांबलो, श्वास सोडला. हाडावर नको, बाजूला. मग दुसरी बाजू. मग पोत्याला धरून खाली बसलो, उठलो, परत बसलो. डोळे उघडले तर दारात एक म्हातारी आत्या सुपारी फोडत उभी.

"खाजतंय काय रं?"

"नाय आत्ये. कंबर."

"मंग खाजव, खाजव. आमी नाय बगत."

भाची उंबऱ्याशी उभी होती, बाशिंग, हिरवा चुडा, जड शालू. चुलतभाऊ मांडवाच्या कडेला, बाह्या सरसावून, चेहऱ्यावर गरज पडली तर मी आहे असा भाव. भाचीनं माझ्याकडं पाहिलं आणि ओठ न हलवता म्हणाली, "मामा, चालत गेलो तरी मला चालेल हां."

"गळ्यात हात टाक."

गुडघ्यात बसलो. टाचा टेकल्या. हातावर तिचं ओझं आलं, शालूचं, फुलांचं, सोन्याचं आणि तिचं, आणि मी उठलो. बँड सुरू झाला. लोकांनी वाट केली. मी समोर बघत नव्हतो. मांडवाच्या दोऱ्या कुठं कुठं आहेत ते बघत होतो. डाव्या पायात एक मुंगी चालली, पोटरीतून खाली. एकच. दुसरी येते का याची वाट बघत मी पुढचं पाऊल टाकलं. घाम डोळ्यात गेला. भाची कानाशी सारखी म्हणत होती, "आलं मामा, आलं," आणि आलं काहीच नव्हतं, अजून अर्धा मांडव होता. कुणीतरी ओरडलं, "सायेब, दम टाका!" दम कुठं टाकतात ते मला त्या वेळी आठवत नव्हतं. मग अंतरपाटाचं कापड दिसलं, मग पाट. पुन्हा गुडघ्यात बसलो, तिचे पाय पाटावर लागले, आणि हात तिनं गळ्यातून काढले तरी माझे हात तसेच वाकलेले राहिले.

आमच्यात मुलीचं लग्न आईनं बघायचं नसतं. अक्षता पडेपर्यंत ती मागल्या दारी तुळशीजवळ बसते. मंगलाष्टकं संपल्यावर मी तिकडे गेलो. बहीण पायरीवर एकटी बसली होती, पदर तोंडाला.

"पडलास?"

"नाय."

"मना वाटलंच. हसल्याचा आवाज नाय आला." तिनं डोळे पुसले. मग माझ्या खिशाकडं बोट केलं, जिथं फुगवटा होता. "त्यो चेंडू कसला?"

मी बॉल काढून दिला. कमरेसाठी म्हटलं, पण पायालाही चालतो, टाचेखाली घेऊन फिरवायचा. तिनं लग्नातली नवी चप्पल बाजूला केली. तिच्या टाचा मी लहानपणापासून पाहतोय, भेगा पडलेल्या, कडा पांढऱ्या. त्या दुखतात का, हे कधी विचारायचं सुचलं नव्हतं. मागल्या पडवीचा खांब धरून ती उभी राहिली, बॉल टाचेखाली घेतला आणि धपाधप पाय द्यायला लागली, वाफा तुडवताना देतात तसा.

"हळू गो, बाय. तुडवू नको. नुसता भार दे."

"असा?"

"अजून हळू. दुखतं तितं थांब. आता श्वास सोड."

ती थांबली. डोळे मिटले. लांब श्वास सोडला, आई सोडायची तसाच. बॉल पायाखाली थोडा सरकला.

"उजवा झाला की डावा घेते," ती म्हणाली. "तू बस."

मी तिच्या पायाशी उकिडवा बसलो. पुढं मांडवात पंगत मांडत होते आणि कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची शोधत हाका मारत होतं. मी ओ दिली नाही. बसलो तर होतो; परत उठता येतं की नाही, ते अजून बघायचं होतं.